लेकीसाठी बांधलेली धून

अमृतचा उभा जन्म पुण्याच्या हॉटेलांत सॅक्सोफोनवर जॅझ वाजवण्यात गेला. तो वाजवायचा आणि समोरची माणसं जेवत असायची. लेकीच्या लग्नासाठी मात्र त्यानं भूप रागात एक धून बांधली. आपल्या गावी, येडगावला परत आल्यावर तीही कुणी ऐकेना. "झोप येती राव, कायतरी नाचायचं वाजव," म्हणायचे.

मग चुलत्याच्या दशक्रियेला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. ऊन चढलं, माणसं कंटाळली, तेव्हा भावकीतले कुंडलिकभाऊ म्हणाले, "अमृत, तवर तुझं ते वाजव." नदीकाठी बसून त्यानं धून वाजवली, अन् कावळा शिवला.

झालं! तेव्हापासून जुन्नर-आंबेगावात कुठंही दशक्रिया असली की अमृतला बोलावणं. सॅक्सोफोन खांद्याला अडकवून तो या घाटावरून त्या घाटावर फिरत राहिला. माणसं टोप्या काढून, माना खाली घालून ऐकायची. असे श्रोते त्याला जन्मात मिळाले नव्हते.

लग्नाच्या दिवशी समृद्धी हटून बसली. "पप्पा, धून माझी आहे. मी मांडवात येताना तीच वाजवा."

"नको गं बाई. दुसरं कायबी सांग."

ती ऐकेना. शेवटी त्यानं सॅक्सोफोन उचलला. नवरी मांडवाच्या दारात आली आणि पहिला सूर लागला.



अख्ख्या मांडवानं टोप्या काढल्या आणि माना खाली घातल्या.