काळा माउंट

"काळा लाव," तेजराम म्हणाला. "माया रंगासारखा."

सेक्टर सहाच्या बाजारात शामरावचं फोटो मढवायचं टपरीएवढं दुकान. फळीवर तेजरामचा नवा फोटो अन् दोन माउंट पडले होते, फोटोभोवती लावायचे पुठ्ठे. एक बदामी, एक काळा. शामरावनं आपणहून बदामी पुढं सरकवला होता. तेजरामनं तो एका बोटानं परत सारला.

"अबे, काळा मी गेलेल्याइले लावतो. साऱ्या भिलाईले मालूम हाय."

"मंग मी बी जाऊनच राहिलो नं. सेकंड शिफ्टले." अन् स्वतःच खो-खो हसला.

बाजूला त्याची बायको शेवंता उभी होती. तिला हसू आलं नाही. या माणसाच्या खोड्या तिला पाठ होत्या. एकदा त्यानं शेजारच्या चंपतच्या सायकलची घंटी काढून बकरीच्या गळ्यात बांधली, अन् चंपत दिवसभर घंटी ऐकत गल्लीगल्लीनं फिरला. पण खोडी केली की तेजराम समोरच्याचं तोंड पाहायचा, सारी मजा त्यातच. आज तो कोणाच्याच तोंडाकडे पाहत नव्हता.

"अन् मागून?" शामरावनं विचारलं. "साधा पुठ्ठा बसवतो. टाचण्या वाकवल्या का झालं. कधीबी उघडा, फोटो बदला."

"नाई. प्लाय लाव. चारी बाजूनं खिळे ठोक."

"मंग उघडनार नाई ते."

"कोनाले उघडाचं हाय?"

शेवंताची नजर भिंतीकडे गेली. तिथं एक तयार फ्रेम टेकवून ठेवलेली. काळा माउंट. आत देवीदास. प्लांटच्या नव्या चिमणीवर तेजरामच्याच गँगमध्ये होता, मागच्या सोमवारी वरून पडला. घरात त्याचा एकट्याचा एकही फोटो निघाला नाही. मग कोणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून तेवढाच कापून मोठा केला होता. तोंड धुरकट आलं होतं. अन् खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात तसाच राहून गेला होता. हातात पितळेचं जाड कडं.

ते कडं शेवंतानं लगेच ओळखलं. तेच आत्ता फळीवर टकटक वाजत होतं. तेजरामनं हात फळीवर टेकला होता, तरी वाजत होतं.

"देवीदासभाऊच्या जागी कोन चढते आता?" तिनं विचारलं.

"चढते कोनी तरी."

"अवो, कोन?"

तेजरामनं हात खिशात घातला. टकटक थांबली.

"घरात एखादा फोटो असावा मानसाचा," तो म्हणाला. "पायलं नं, देवीदासच्या बायकोले, ललिताले, किती फिरा लागलं. रडावं का फोटो शोधावा? तुले कायले तो ताप."

शामराव तोंडातलं पान चावायचा थांबला.

तेवढ्यात भोंगा झाला. तेजरामनं सायकल काढली, एक पाय पॅडलवर ठेवला अन् पुन्हा जुना आवाज काढला, "शामराव, हिरो दिसला पायजे बरं! उद्या येतो न्यायले. मी नाई आलो तं तुई वहिनी येईन."

सायकलींच्या लोंढ्यात त्याचा पांढरा शर्ट थोडा वेळ दिसला. मग सगळेच शर्ट पांढरे दिसायला लागले. त्या सगळ्यांच्या डोक्यावर, लांब, ती अर्धी बांधलेली चिमणी.

शामरावनं काळा पुठ्ठा ओढला, पट्टी लावली, सुरी घेतली. शेवंतानं पट्टीवर आपला तळहात ठेवला. सुरी बोटभर अंतरावर थांबली.

"वहिनी, लागन नं!"

"बदामी लावा भाऊ. मागून पुठ्ठा. एकबी खिळा नोको."

"अन् उद्या आला, अन् मायाच आंगावर धावला तं?"

शेवंतानं हात काढला नाही.

"धावू द्या," ती म्हणाली. "येऊ तं द्या."