चाललेले घड्याळ
प्रयोगशाळेतले घड्याळ दुरुस्त करणाऱ्यास पदक मिळेल, असे मुख्याध्यापकांनी घोषित केले होते. काल ते अकस्मात चालू झाले. परंतु पदक मागायला कोणीच आले नाही. आज पुन्हा बंद! कुठेतरी पाणी मुरत होते. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक दबकत प्रयोगशाळेच्या दाराशी आले. आत सातवीतली अबोल मुलगी घड्याळाची चक्रे टेबलावर मांडून बसली होती. "सापडलीस! मोडतोड तूच करतेस तर?" ती दचकली. "मोडलं नाही, सर. काल मीच चालू केलं होतं." "पदक सोडणारी संत लागून गेलीस? आज परत का उघडलंस?" "काल ते चाललं खरं, पण कशानं चाललं ते कळलंच नव्हतं." मुख्याध्यापकांनी पदक खिशातच राहू दिले आणि टेबलावरची तिची विजेरी उचलून चक्रांवर धरली. मान वर न करता ती म्हणाली, "थोडी डावीकडे धरा, सर."