राखीव पेट्रोल

घाट अर्धा चढला आणि गाडीने गचके देत मान टाकली. मागे लेक बसली होती. पलीकडच्या गावात तिचा दहावीचा पहिला पेपर होता.

आपली गाडी साठचं ॲव्हरेज देते, असं जालिंदर ज्याला त्याला सांगायचा. पण चढावर डबलसीट ती किती पेट्रोल पिते, हे त्याने धरलंच नव्हतं. रिझर्व्हला लावायला हात पेट्रोलच्या कॉककडे गेला आणि त्याला आठवलं. मागच्या वेळी टाकी भरल्यावर कॉक रिझर्व्हवरून पुन्हा मेनवर घ्यायचा राहिला होता. म्हणजे राखीव पेट्रोलही जळून गेलं.

तरी बोटांनी चाचपलं. कॉक मेनवर होता.

घरी राहायला आलेले सासरे रोज सकाळी न सांगता गाडी पुसायचे. "मामा, माझ्या गाडीला हात लावत जाऊ नका," असं तो कालच त्यांच्यावर खेकसला होता.

त्याने कॉक रिझर्व्हला लावला, किक मारली. खिंड ओलांडून शाळेचं फाटक दिसलं तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. मग त्याने पंपावर जाऊन टाकी भरून घेतली.

संध्याकाळी त्याने स्वतःच फडकं आणून सासऱ्यांपुढे धरलं.

"मामा, गाडी लई मळलीय. उद्या जरा सगळीकडनं पुसा."

सासरे उठले, गाडीपाशी जाऊन वाकले. कॉक रिझर्व्हवरच होता. त्यांनी तो मेनवर घेतला आणि विचारलं, "पोरगी वेळेत पोचली ना?"