त्या चार ओळी

"त्या चार ओळी मी काढून टाकतेय," मारित म्हणाली.

यार्को रिकाम्या पाकिटांवर वर्गणीदारांचे पत्ते चिकटवत होता. त्याने मान वर केली नाही. "मग मुलाखतीत राहिलं काय? कोणता माइक वापरते आणि कॉफीत दूध घालते की नाही?"

फिनलंडमधल्या तांपेरे शहरात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीतून ही दोघं अकरा वर्षं मासिक काढत होती. ज्यांचं संगीत कुठे वाजत नाही, अशांबद्दलचं मासिक. मारित लिहायची, पानं लावायची. यार्को अंक पाकिटांत भरायचा आणि उरलेले स्वतःच्या गाडीतून रेकॉर्डच्या दुकानांत टाकून यायचा. या वेळी मुखपृष्ठावर सुवी होती. वय सव्वीस. ऑक्टोबरात ती याच खोलीत, याच सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन दुपारभर बोलली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी तिने जीव दिला.

पानं आज छापखान्यात जायची होती.

"हे छाप असं ती स्वतः म्हणाली होती. मी इथेच होतो," यार्को म्हणाला.

"तेव्हा ती होती. दुसऱ्या दिवशी फोन करून नको म्हणाली असती, तर मी काढलं असतं. आता कुणाला विचारू?"

"विचारता येत नाही, म्हणूनच हात लावू नकोस."

जिन्यावर पावलं वाजली. दारात साठीची एक बाई उभी राहिली. बर्फाने भरलेले बूट तिने बाहेरच काढले आणि लोकरी मोज्यांनी आत आली.

"मी तुलिक्की," ती म्हणाली. "सुवीची आई."

यार्कोने सोफ्यावरचे गठ्ठे घाईघाईने उचलले. मारितने कॉफी ओतून पुढे ठेवली. बाईने कपाला हात लावला नाही.

"ती इथे येऊन बोलली, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं. ते रेकॉर्डिंग असेल ना तुमच्याकडे? तिची गाणी आहेत माझ्याजवळ. पण त्यांत ती काही बोलतच नाही. नुसते सूर. मला तिचं बोलणं ऐकायचंय."

नाही म्हणणं मारितला जमलं नाही. तिने सुरुवातीपासून लावलं. खोलीत सुवीचा आवाज आला. चर्चच्या जुन्या बाजारातून आणलेल्या पहिल्या कीबोर्डबद्दल ती सांगत होती. त्याच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या, म्हणून तिने तीन सूर सोडून गाणी रचली. सांगता सांगता ती हसली. बाई किंचित पुढे झुकली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मारितने बटणावर बोट ठेवून ते थांबवलं. "पुढे सगळं यंत्रांबद्दलच आहे. तुम्हाला कंटाळा येईल."

"लावा."

"पुढचं नका ऐकू. माझं ऐका."

"माझी मुलगी गेली," बाई म्हणाली. "आता मला कशापासून वाचवताय?"

यार्को उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. मारितने बोट उचललं.

'तुझ्या प्रत्येक गाण्याच्या तळाशी ती खरखर कसली असते?' हा मारितचाच आवाज होता.

'आमच्या स्वयंपाकघरातला रेडिओ,' सुवी म्हणाली. 'मी चौदा वर्षांची होते. आईचा नवरा माझ्या खोलीत येतो, हे मी तिला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. तिने हात पुसले आणि रेडिओ मोठा केला. कसलं तरी नाचाचं गाणं लागलं होतं.'

सोफा करकरला. 'कॉफी उरलीय का गं?' सुवीने विचारलं, आणि मारितने रेकॉर्डिंग बंद केलं.

बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. ती रडली नाही. खाली दुकानात कुणीतरी हातोडीने काहीतरी ठोकत होतं. ते थांबलं तेव्हा ती बोलली.

"गाणं नव्हतं."

मारितला आधी कळलंच नाही.

"समुद्रावरच्या हवामानाच्या बातम्या होत्या. एकेका बेटाचं नाव, तिथे वारा केवढा, लाटा केवढ्या. ती विसरली असेल. मी नाही विसरले."

"त्या ओळी मी काढत होते," मारित म्हणाली. "आत्ताच."

"काढू नका. तेवढी चूक दुरुस्त करा." तिने टेबलावरचं मुखपृष्ठ उचललं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि होतं तिथे सरळ ठेवलं. "आणि एक अंक आमच्या घरी पाठवा. माझ्या नवऱ्याच्या नावाने. नाव राउनो, आडनाव निस्काला. माझं नाव घालू नका, नाहीतर तो पाकीट फोडणार नाही."

यार्कोने पत्ता लिहून घेतला. लिहिताना दोनदा चुकला.

बाई दाराबाहेर बसून बूट चढवू लागली. मारित आपला कोट घेऊन मागे आली. "स्टेशनपर्यंत येते मी. रस्ता फार निसरडा झालाय."

"कशाला? त्यानेच आणलंय मला. खाली गाडीत थांबलाय."

ती कठड्याला धरून एक एक पायरी उतरली. मारित खिडकीपाशी आली. रस्त्यापलीकडे गाडीच्या काचेवरचा बर्फ एक म्हातारा ब्रशने झाडत होता. नीटनेटका कोट, कानापर्यंत ओढलेली टोपी. बायकोला येताना पाहून त्याने ब्रश ठेवला, पुढे होऊन तिचं कोपर धरलं आणि बर्फावरून सांभाळत तिला गाडीपर्यंत नेलं. ती आत बसली. तिच्या कोटाचं टोक दाराबाहेर लोंबत होतं. त्याने वाकून ते आत सारलं आणि दार हलक्या हाताने लावलं.