डावखुरा हिरो

भिलाईच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं. जेवणाच्या सुट्टीत आनंदराव आणि गावाकडून नुकताच कामावर आलेला जानराव सिनेमावरच बोलत. जानरावला तलवारबाजीचा एकच हिरो आवडायचा.

"बाकीचे नुसते रडते. आपला हिरो डाव्या हातानं तलवार चालवते. माह्यासारखाच डावखुरा!"

"कावून फेकून राहिला? त्याचे सारे सिनेमे पाह्यले मी. उजवाच आहे तो."

"मी लहानपणापासून पाहून राहिलो त्याले. माह्या डोयानं!"

त्या रविवारी सेक्टर सहाच्या मैदानात त्याच हिरोचा सिनेमा लागला. दोघं एकाच सतरंजीवर, पडद्यासमोर बसले. हिरोनं तलवार उपसली ती उजव्या हातानं.

आनंदराव हसत वळला, तर जानराव डोळे पुसत होता.

"अबे, एवढ्याशा गोष्टीसाठी रडतं का कोणी?"

जानराव पडद्याकडेच पाहत होता. तसाच हळूच म्हणाला, "गावच्या तंबूत आमच्या वस्तीतल्या लोकायले पडद्याच्या मागं बसवत होते, आनंदराव. मागून सारं उलटं दिसते, हे आज समोर बसल्यावर समजलं मले."