औषध वाळेपर्यंत

ट्रॉलीत चूल चढली, पाण्याची टाकी चढली, ताडपत्री आणि कोयते चढले. सविता तेवढी चढली नव्हती. ती घरामागं उन्हात भुऱ्या कुत्र्याला मांडीवर घेऊन बसली होती.

"तिला आटपाय सांग," ट्रॅक्टरपाशी उभा असलेला मुकादम गहिनीनाथ म्हणाला. "आख्खी टोळी खोळंबलीय."

अजिनाथ बायकोला बोलवायला मागं गेला. भुऱ्या थरथरत होता. अजून पुरता वाढलेलाही नव्हता तो. अंगावरचे केस पुंजक्यापुंजक्यानं गेलेले, कानांच्या कडा खाजवून खाजवून सोललेल्या. जनावरांच्या डॉक्टरनं दिलेलं औषध सवितानं नुकतंच पाण्यात कालवून त्याच्या अंगाला लावलं होतं. वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही, पोटात गेलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून तिनं त्याचं तोंड हलक्या हातानं धरून ठेवलं होतं.

"चल की आता."

"वाळूंद्या."

"मुकादम वरडतोय."

"वरडूंद्या."

उन्हाळ्यात शेजारच्या लग्नात आचाऱ्यानं भुऱ्याच्या पाठीवर कढत पाणी फेकलं होतं. तेव्हापासून बादली वाजली तरी तो सरपणामागं जाऊन दडायचा, माणसाचा हात जरा वर झाला की अंग चोरायचा. सविता त्याच्यासमोर फतकल मारून बसायची. आधी स्वतःच्या मनगटावर पाणी ओतायची, मग तो हात त्याला हुंगू द्यायची, मग दोन थेंब त्याच्या पंजावर. अख्खा पावसाळा त्यात गेला होता.

चांगुणा दारात येऊन उभी राहिली. लेक आणि सून ऊसतोडीला गेली की घर तिच्यावरच असायचं.

"आत्याबाई, आठ दिसांनी परत लावायचं," सविता सासूला म्हणाली. "टोपणभर औषध, अर्धी बादली पानी. हाताला पिशवी बांधा."

"मला शिवू देतंय का त्ये? मला बघितलं की पळतंय."

"वरनं हात नका नेऊ. खाली बसा आदी. मग खालनं हात न्या."

"खाली बसल्यावर मला उठवाय कोन येनार हाय, बाई?"

चांगुणा काही वाकड्यात बोलली नव्हती. तिचे गुडघे खरंच गेले होते. सविता नवऱ्याकडं न बघताच म्हणाली, "संगं नेऊ. आपुन कोपीत राहू, त्यो भाईर पडून राहील. कुनाला तरास देनार न्हाई त्यो."

अजिनाथ मुकादमाला विचारायला गेला. गहिनीनाथ तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं ट्रॉलीकडं बोट केलं. भांड्यांच्या पोत्यांना टेकून टोळीतली बारकी पोरं बसली होती.

"ही पोरं रातभर त्याच्याशेजारी झोपनार. त्याची खरूज यांना लागली, तर यांच्या आयांना मी काय सांगू? तूच सांग."

अजिनाथ परत मागं आला. त्याच्या तोंडाकडं बघूनच सविताला कळलं.

तिनं भुऱ्याच्या पाठीवरून केसांच्या उलट दिशेनं हात फिरवला. कुठं ओल लागली नाही. मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिनं ती त्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला शेळ्यांच्या छपरात नेऊन खुंट्याला अडकवलं. मानेची कातडी लाल झाली होती, काचू नये म्हणून गाठ सैल ठेवली. निघताना तिनं त्याच्याकडं वळून बघितलं नाही.

ट्रॅक्टर गाव सोडून मोठ्या रस्त्याला लागला, तेव्हा ट्रॉलीतलं एक पोरगं म्हणालं, "कुत्रं आलंय मागं."

भुऱ्या धावत येत होता. लुगड्याची तुटलेली पट्टी त्याच्या पायात येत होती. बादलीच्या आवाजानं सरपणामागं दडणारा हा कुत्रा आता भर रस्त्यावरून ट्रकांच्या बाजूनं येत होता. एका टेम्पोनं करकचून ब्रेक मारला. भुऱ्या बाजूला उडाला, पडला, उठला आणि परत धावायला लागला.

"थांबीव रं," अजिनाथ पुढं वाकून ओरडला. ट्रॅक्टरच्या आवाजात ड्रायव्हरला काही ऐकू गेलं नाही. मागं दुसऱ्या टोळीची ट्रॉली होती, तिच्यामागं गाड्यांची रांग.

"भुऱ्या, जा घरी," सविता म्हणाली.

आपलं नाव ऐकून त्यानं वेग वाढवला. तो इतका जवळ आला की त्याची बाहेर आलेली जीभ दिसायला लागली. त्याच्यामागून एक ट्रक मागच्या ट्रॉलीला ओलांडत हॉर्न देत येत होता.

सविता उठून उभी राहिली. एका हातानं तिनं ट्रॉलीचा फाळका धरला, दुसऱ्या हातानं जळणातलं एक लाकूड उचललं आणि हात वर केला. नुसतं भेवडवतीय, असं अजिनाथला वाटलं. तिनं लाकूड फेकलं.

भुऱ्या जागच्या जागी थांबला. पोट जमिनीला लागेस्तोवर तो खाली दबला, शेपूट पायात घातली, आणि तसाच सरपटत डांबरावरून खाली बाभळीत गेला. ट्रक हॉर्न देत पुढं आला आणि मागचा रस्ता झाकला गेला. तो गेल्यावर अजिनाथनं उभं राहून पाहिलं. कुत्रा घराच्या वाटेला लागला की तिथंच बसून राहिला, ते काही दिसलं नाही.

सविता परत पोत्याला टेकून बसली होती. पोरं तिच्याकडं बघत होती.

"लागलं न्हाई त्याला," अजिनाथ म्हणाला. "लाकूड अलीकडंच पडलं."

"लागलं," सविता म्हणाली.