हळदीच्या आदल्या दिवशी

"तुमाले कोनं पाठवलं?" श्यामरावने दारातच विचारलं.

देवश्रीने ओळखपत्र पुढे केलं. त्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बीरगांवच्या त्या गल्लीत मांडव पडला होता, कढईत बुंदी पडत होती आणि हळद दुसऱ्या दिवशी होती. नवरी, रूपाली, खिडकीच्या गजांमागे उभी होती.

देवश्री एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होती. फील्डवर्कसाठी ती रायपुरातल्या एका बालहक्क संस्थेत जायची. त्या दिवशी सकाळी संस्थेतल्या मीनल दीदी म्हणाल्या होत्या, बीरगांवात अल्पवयीन मुलीचं लग्न आहे असा फोन आहे, जरा बघून ये.

"मुलीचं वय काय?" देवश्रीने विचारलं.

"एकोणीस," श्यामरावचा थोरला भाऊ मोतीराम खुर्चीतून न उठता म्हणाला. घर त्याचं होतं. श्यामराव बायको-मुलीला घेऊन मागच्या खोलीत राहायचा आणि उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला जायचा. स्थळही मोतीरामनेच आणलं होतं. तो ज्याचे ट्रक चालवायचा त्या मालकाचा विधुर भाऊ.

"उन्नीस असो का बीस," श्यामराव ओरडला, "दहावीत शिकून राहिली पोट्टी, तिले काय समजते? आमच्या घरचं आमी पाहून घेऊ."

मोतीरामने वळून भावाकडे पाहिलं. श्यामरावचा आवाज आणखी चढला. बाया दारात आल्या, सगळा पारा, अख्खी वस्ती, गोळा झाला. देवश्री खिडकीकडे जायला वळली तशी त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी ओढली आणि रस्त्यात भिरकावली.

"निघा इथून. अन् आणा कोनाले आणायचं ते. पोलीस आणा, कलेक्टर आणा. मी बी पाहतो कोन येते ते."

देवश्रीने धुळीतून डबा आणि पाण्याची बाटली गोळा केली. वर्गात शिकवलं होतं, समोरच्याचा राग स्वतःवर ओढवून घ्यायचा नाही, त्याच्यामागे काय आहे ते शोधायचं. तिला काही शोधायचं नव्हतं. तिला त्या माणसाच्या हातात बेड्या पाहायच्या होत्या.

"पोलीस घेऊन चला," ती ऑफिसात शिरताच म्हणाली. "मुलगी दहावीत आहे. बापानेच सांगितलं, सगळ्या गल्लीसमोर. माज इतका की लपवायचीही गरज वाटत नाही त्याला."

"तू आधी बस," मीनल दीदी म्हणाल्या.

"नाही बसत."

त्यांनी ठाण्यात फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मांडवात जीप शिरली. शाळेच्या मोठ्या बाई सोबत होत्या. त्यांनी सर्वांसमोर रूपालीचं वय सांगितलं, सोळा. मोतीरामचा चेहरा उतरला. मालकाच्या माणसांनी गाडी वळवली. श्यामराव मात्र देवश्रीच्या अंगावर धावून आला. हवालदाराने त्याला मागून धरलं तरी त्याचं तोंड थांबेना.

"काय केलं पाहा या बाईनं! आमचं नाक कापलं!" तो भावाकडे वळून पुन्हा पुन्हा म्हणत होता.

रूपालीला मुलींच्या वसतिगृहात ठेवायचं ठरलं. जीपमध्ये देवश्रीने हळूच विचारलं, "तू केला होतास फोन?"

"मेरे पास मोबाइल कहाँ है, दीदी."

मग आईच. सरलाबाई तेवढ्या वेळात एक शब्दही बोलल्या नव्हत्या, नुसता पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. देवश्रीने निघताना त्यांचा हात दाबला होता. त्यांनी तो सोडवून घेतला होता. नवऱ्याच्या धाकाने, हे कुणीही ओळखलं असतं.

किशोरावस्थेच्या पेपरसाठी देवश्रीने हीच केस वर्गात मांडली. मुलीला ओझं समजणारा बाप, भावापुढे नांगी टाकणारा आणि बायकांवर शौर्य गाजवणारा. बोलताना तिचा आवाज तापला. प्राध्यापकांनी टोकलं नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मग एका दुपारी श्यामराव संस्थेच्या ऑफिसात आला. ड्यूटीवरून सरळ आला असावा. भुवयांवर लोखंडाची काळी धूळ होती. मीनल दीदी बाहेर गेल्या होत्या. देवश्रीने त्याला बसायला सांगितलं नाही.

"रूपाली बरी आहे?" त्याने विचारलं.

"आता आठवली मुलगी?"

"परीक्षेला बसून राहिली ना?"

"बसतेय. तुमच्यामुळे नाही, तुमच्यापासून सुटली म्हणून."

"भावानं घरातून काढलं आमाले," तो म्हणाला. "उरल्यालाच खोली पाहिली. तिले सांगाल का, की आता मोठ्या बापाच्या त्या घरी नाही जावं लागणार?"

"चांगलं केलं त्यांनी," देवश्री म्हणाली. इतके दिवस आवळून धरलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "तुम्हाला तर तुरुंगात टाकायला हवं होतं. पोटच्या पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधत होतात, आणि अडवायला आलेल्या बाईवर धावून जात होतात. तुमच्याच घरात कुणीतरी आहे, श्यामराव, ज्याच्यात तुमच्याहून जास्त हिंमत होती. ज्यांनी आम्हाला फोन केला त्यांचे घरी जाऊन पाय धरा."

श्यामरावने मान वर केली. डोळे लाल झाले होते, पण आवाज चढला नाही.

"मंगळवारपासून मीच फोन करून राहिलो होतो, मॅडम," तो म्हणाला. "मिलच्या गेटावरून, रोज. अन् तुमी आल्या शुक्रवारी. एकट्या."